इन्व्हर्टरच्या बॅटरीला सडक्या अंड्यासारखा वास येतोय, काय करावं? (यावल)

यावलची लेक
मंडळी, थोडं तातडीचं आहे. आई-बाबा यावलजवळ गावी, मी पुण्यात. घरी १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायची बॅटरी आणि १२ व्होल्टचा इन्व्हर्टर आहे. वायरमनने जिन्याखालच्या कपाटात बसवून दिलाय, कपाटाला दार आहे आणि लागूनच देवघर. कालपासून आई म्हणतेय की कपाट उघडलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो, आणि बॅटरी एका बाजूने चांगलीच तापलेली असते. बाबांचं म्हणणं, "मे महिना आहे, माणसं तापतात तर बॅटरी नाही तापणार का?" वॉरंटी अजून शिल्लक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच जाईल. पाणी टाकलं की होईल का ठीक?

टीएल भुसावळ
ताई, पाण्याचं नंतर बघू. आधी आईंना फोन लावा. देवघरातला दिवा, उदबत्ती, शेजारी मच्छर अगरबत्ती असेल तर तीही विझवायची. मग कपाटाचं दार आणि घराच्या खिडक्या सताड उघडायच्या, आणि माणसांनी बाहेर ओट्यावर बसायचं. वास कमी झाला की मीटरजवळचा मेन बंद करायचा. कपाटाच्या आत जे सॉकेट असेल त्याच्या बटणाला हात लावायचा नाही, ठिणगी नेमकी तिथेच पडते.

आणि एक. इन्व्हर्टरच्या तोंडावरचं बटण बंद केलं म्हणजे चार्जिंग थांबलं असं बहुतेकांना वाटतं. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ते बटण फक्त बॅटरीवरून घरात जाणारी वीज तोडतं. लाइन आहे तोवर आतला चार्जर चालूच राहतो. म्हणून मेन.

टर्मिनल, म्हणजे बॅटरीवरचे वायर जोडायचे खुंट, आज कुणीही सोडायचे नाहीत. शेजारचा हुशार पोरगा पाना घेऊन आला तरी त्याला चहा पाजून परत पाठवा.

यावलची लेक
सांगितलं काका. बाबा कुरकुरले, पण केलं.

अमळनेरी सर
रसायनशास्त्र शिकवतो म्हणून थोडी भर घालतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. बॅटरी फार तापली, जास्त चार्ज झाली, एखादा सेल (बॅटरीतला एक कप्पा) खराब झाला की तो येतो. त्याची वाईट खोड अशी की थोड्या वेळाने नाकच बधिर होतं. "आता वास येत नाही" म्हणजे गॅस गेला, असं समजू नये. वास कमी झाल्यासारखा वाटला तरी बाहेरची मोकळी हवा घेऊन मगच आत जावं, तेही कामापुरतं.

दुसरा गॅस आहे हायड्रोजन, आणि त्याला वासच नाही. बॅटरी पूर्ण भरत आली की चार्जरची वीज प्लेटा भरण्याऐवजी पाणी फोडायला लागते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. तसं झालं की दर अँपिअर-तासाला सहा सेल मिळून साधारण अडीच लिटर हायड्रोजन निघतो. १० अँपिअर तासभर नुसते पाणी फोडण्यात गेले तर २५ लिटर. जिन्याखालचं कपाट दोन बाय दोन बाय अडीच फूट धरा, म्हणजे आत २८० लिटरच्या आसपास हवा. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. २८० चे ४ टक्के म्हणजे ११ लिटर. बंद दारामागे हे अर्ध्या तासात होतं. नेहमीच्या चार्जिंगला गॅस याच्या कितीतरी कमी निघतो हे खरं, पण तुमच्याकडचं चार्जिंग नेहमीचं दिसत नाही.

हायड्रोजन हलका, वर जाऊन साठतो. म्हणून दाराला खाली चार भोकं पाडून उपयोग नाही, वरच्या बाजूला जाळी हवी.

निंबाचा पार
घाबरवू नका राव पोरीला. आमच्याकडे लग्नाआधीपासून बॅटरी जिन्याखालीच आहे. दिवाही लागतो, उदबत्तीही लागते. काही होत नाही.

टीएल भुसावळ
होत नाही तोवर होत नाही, भाऊ. तुमच्या जिन्याखाली दार नसेल, हवा खेळत असेल. रेल्वेत आमची ट्रेन लायटिंगची बॅटरी डब्याखाली ११० व्होल्टची असते. डब्याखाली मोकळा वारा, तरी तिच्या पेटीला हवेची सोय असते. माझी नोकरी त्यातच गेली. बॅटरी फुटते तेव्हा आवाज बंदुकीसारखा होतो, वरचं झाकण उडतं आणि अ‍ॅसिडचा सडा तोंडावर येतो. पाहिलेला माणूस पुन्हा उघड्या टर्मिनलजवळ काडी ओढत नाही.

पुणेकर खान्देशी
लिथियम घ्या, विषय संपवा. लेड-अ‍ॅसिडच्या जमान्यात अजून किती दिवस?

टीएल भुसावळ
पैसे पाठवा, घेतो. ही बॅटरी १८५९ पासून चालू आहे, अजूनही गावोगाव तीच परवडते. आणि लिथियमलाही चार्जर जुळणारा लागतोच. जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडली तर तुमचा विषय वेगळ्या अर्थाने संपेल.

यावलची लेक
अपडेट. वास खूप कमी झालाय. बाबांनी फोटो पाठवलेत. सहा टोप्यांमधले पाण्याची पातळी दाखवणारे पाच तरंगते दांडे वर आहेत, एक पार बुडालाय. जी बाजू तापत होती तिकडचाच. आणि दुसरी गोष्ट फोटोत दिसली ती म्हणजे बॅटरीवर वर्तमानपत्र अंथरून आईने बिबड्यांचा (खान्देशी पापडांचा) पत्र्याचा डबा ठेवलाय. "तिथे मुंग्या येत नाहीत" म्हणे.

टीएल भुसावळ
मुंग्या कशा येतील तिथे! डबा आजच हलवा. टर्मिनलवर प्लास्टिकच्या टोप्या आहेत का? नसतील तर तो डबा एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर आडवा सरकायला फक्त एक धक्का पुरे. शॉर्ट झाल्यावर एवढी बॅटरी क्षणभर हजार अँपिअरच्या वर करंट देते. पत्रा लाल होतो, शिशाचं टर्मिनल वितळतं, आणि वर हायड्रोजन असेल तर पुढचं सरांनी सांगितलंच. ४४० चा झटका बसतो म्हणून माणूस लाइनला घाबरतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून हिला कुणी घाबरत नाही. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन काढल्याशिवाय मी तिच्यावर कधी वाकलो नाही. पान्याच्या दांड्यालाही इन्सुलेशन टेप गुंडाळायची, तोंड तेवढं उघडं.

उद्या बॅटरी गार झाल्यावर हायड्रोमीटर (अ‍ॅसिडचा दाटपणा मोजायची नळी) असलेला माणूस बोलवा. सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे तो दाटपणा, वेगवेगळी लिहून घ्या आणि व्होल्ट बघा. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे.

शिरपूरना बापू
भाऊस्वन, मना बी एक सवाल शे. फवारणीना पंपनी बॅटरी. कपाशीना सीझन सरना का पंप माळावर ठेवी देतस, पुढला वरीसले काढा ते चार्जच व्हत नही. दरसाल नवी लेनी पडस. असं का व्हस?
(पुढचं मराठीत लिहितो, पोरगं बाजूला बसून हसतंय.) पंप रात्री घरातच, खाटेखाली चार्जिंगला लावतो. चालेल ना?

बॅटरीवाला जळगाव
बापू, दुकान चालवतो म्हणून खरं सांगतो, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांवरच आमचा जून-जुलै निघतो. पंपात १२ व्होल्ट ८ एएचची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती अर्धी-मुर्धी उतरलेली माळ्यावर टाकली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात. आठ महिने पत्र्याखाली शेकल्यावर ते खडे परत विरघळत नाहीत. शेवटची फवारणी झाली की पूर्ण चार्ज करा, पंपातून वायर सोडवून घरात गार जागी ठेवा, दोन-अडीच महिन्यांनी एकदा चार्ज करा. फुगली असेल तर मात्र चार्जरला लावूच नका.

खाटेखाली नको. बॅटरीचा प्रश्न आहेच, पण औषधाचा पंप माणसं झोपतात त्या खोलीत कशाला आणायचा? ओसरीत लावा, पोरांचा हात पोचणार नाही असा.

शिरपूरना बापू
तुमनं खरं शे. आजच ओसरीमा काढस.

यावलची लेक
हायड्रोमीटर असलेला माणूस मिळाला, फैजपूरहून आला. आकडे असे: १.२२०, १.२२५, १.२२०, १.०९०, १.२२५, १.२२०. व्होल्ट १०.३. त्याचं म्हणणं, "त्या एका सेलमध्ये थोडं अ‍ॅसिड टाकतो, उठेल."

टीएल भुसावळ
अ‍ॅसिड टाकू देऊ नका!

आता बघा गंमत. चांगल्या भरलेल्या बॅटरीला विश्रांतीत १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसतात, दर सेलला २.१. तुमची १०.३ दाखवते, म्हणजे पाच सेलचेच व्होल्ट येताहेत. चौथा सेल आतून शॉर्ट झालाय. पण चार्जरला ते कुठे ठाऊक? तो समजतो सहा सेल आहेत, अजून भरले नाहीत, आणि रेटत राहतो. १३.८ व्होल्ट सहात वाटले तर दर सेलला २.३ येतात, ठीक. पाचात वाटले तर २.७६. २.४ च्या पुढे सेल उकळल्यासारखे बुडबुडे सोडतात. म्हणून मेलेला सेल तापतो, चांगले पाच गॅस सोडतात आणि चार्जर रात्रभर थांबतच नाही. वास तिथून आला.

पाणी घाला की अ‍ॅसिड घाला, शॉर्ट झालेला सेल उठत नाही. उलट मेलेल्या सेलमध्ये अ‍ॅसिड टाकलं की हायड्रोमीटर खोटं बोलायला लागतो, आणि वॉरंटीवाले अ‍ॅसिड टाकलेलं ओळखतात. ही बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका. वॉरंटीत द्या.

बॅटरीवाला जळगाव
काका बरोबर बोलले. ताई, कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख आहे ना तेवढं बघा. बॅटरी जशी आहे तशी न्यायची, अ‍ॅसिड ओतून हलकी करायची नाही. एवढी ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते, बाबांना एकट्याने उचलू देऊ नका. दोन माणसं, दोन्ही बाजूंच्या कड्या धरून, सरळ. मोटरसायकलवर मध्ये गोणपाट घालून नेणारे रोज बघतो मी, त्यांच्या पँटी पण बघतो.

अमळनेरी सर
पँटीवरून आठवलं. आपल्या कापसाच्या मुलखात हे माहीत हवं: गंधकाम्ल सुती कापडाचा वैरी आहे. थेंब पडतो तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर भोक दिसतं. या कामाला जुना टेरिकॉटचा शर्ट बरा.

अंगावर उडालं तर लगेच नळाखाली धरायचं, वाहतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं. भिजलेला कपडा आधी काढायचा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी, आणि थेट डॉक्टर. खायचा सोडा फरशीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी, डोळ्यात किंवा कातडीवर चोळायला नाही. आमच्या गावी एकाने डोळ्यात दूध घातलं होतं. तसलं काही करू नका.

यावलची लेक
धन्यवाद सगळ्यांना. बॅटरी दुकानात गेली, बदलून मिळेल असं म्हणालेत. आता नवी कुठे ठेवू? आई म्हणते देवघर हलणार नाही. आणि फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं वायरमन म्हणाला, ते खरं का?

टीएल भुसावळ
फरशीचं जुन्या काळचं आहे. पूर्वी पेटी लाकडाची, कडक रबराची असायची. ओल धरली की करंट पाझरायचा. आताच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशी काही करत नाही. तरी मी खाली चाकाची प्लास्टिकची ट्रॉली घ्यायला सांगतो, पण कारण वेगळं: थेंब सांडला तर ट्रॉलीत राहतो, आणि पाणी तपासताना बाहेर ओढता येते.

देवघर राहू दे, बॅटरी हलवा. आपल्याकडे जागा निवडणं हेच खरं काम आहे, ब्रँड नंतर. बॅटरीचं आयुष्य कंपनी २५ अंशांवर मोजते, आणि वर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपला मे महिना ४४-४५ चा. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. पाच वर्षांची बॅटरी अडीच-तीन वर्षांत का गेली, याचं उत्तर बहुतेक वेळा दुकानात नाही, छतावर असतं. म्हणून पत्र्याखाली नाही, पश्चिमेच्या भिंतीला टेकून नाही, स्वयंपाकघरात नाही. घराच्या उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला सावलीतली ओसरी, वर हवा मोकळी, पावसाचा शितोडा येणार नाही असा कोपरा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडा. इन्व्हर्टर बॅटरीच्या अगदी डोक्यावर नको, बाजूला हवा. त्याच्या रिलेत (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचमध्ये) ठिणगी असते, आणि वर जाणारी अ‍ॅसिडची वाफ त्याच्या आतली सर्किटची पाटी खाते.

पण बॅटरी लांब आणि इन्व्हर्टर तिथेच, असंही करू नका. ७०० वॉटचा लोड १२ व्होल्टवर ओढायचा तर नुकसान धरून ७० अँपिअरपर्यंत जातात. घरातली अडीच एमएमची वायर तिथे उदबत्तीसारखी पेटेल. जाड तांब्याची केबल, २५ स्क्वेअर एमएम घेतलीत तर निवांत, आणि शक्य तेवढी आखूड. केबलच्या टोकाला लग (बोल्टात बसणारी कडी) प्रेस करून घ्या, तारा पिळून बोल्टखाली दाबणं म्हणजे काम नाही. पॉझिटिव्ह केबलला बॅटरीच्या जवळच फ्यूज टाका. दुसऱ्या टोकाला टाकला तर मधली केबल घासून शॉर्ट झाल्यावर तो काय वाचवणार?

नट घट्ट, पण जोर करून नाही, शिसं मऊ असतं. वरून व्हॅसलिनचा पातळ हात. ग्रीस नको. जोडताना मेन बंद, इन्व्हर्टर बंद, लाल आधी, काळी शेवटी. सोडताना काळी आधी. आणि इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण असतं, ते ट्युब्युलरवर आहे ना बघा. सीलबंद बॅटरीला ट्युब्युलरच्या व्होल्टेजवर ठेवली की ती सुकते आणि फुगते.

सातपुडा पायथा
धडगावकडून. आमच्या आश्रमशाळेला सोलरच्या दोन बॅटऱ्या आहेत, सिरीजमध्ये (एकीला एक जोडून) २४ व्होल्ट. एक गेली. एकच नवी घेतली तर चालेल का? पैसे एकाचेच मंजूर झालेत.

टीएल भुसावळ
मास्तर, मंजुरी काहीही असो, बॅटरीला कळत नाही. जुनी आधी भरते, आधी उतरते. चार्जर दोघींचे व्होल्ट मिळून बघतो, त्यामुळे एक जळत राहते आणि दुसरी उपाशी राहते. वर्षभरात दोन्ही जातात. एका कंपनीच्या, एका एएचच्या, एका वेळच्या दोन घ्या. नाहीच जमलं तर निदान जुनी तपासून घ्या, ग्रॅव्हिटी मोजून आणि लोड लावून, दोन्ही.
बसवताना कंट्रोलरला (पॅनलवरून बॅटरी चार्ज करणाऱ्या पेटीला) आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. काढताना आधी पॅनल.

सातपुडा पायथा
तोच अर्ज पुन्हा लिहितो मग. तुमचं हे वाक्य घालू का अर्जात, "बॅटरीला कळत नाही"?

टीएल भुसावळ
घाला.

निंबाचा पार
बरं, मी पण आज आमच्या बॅटरीवरची गोधडी काढली. पाणी आरओचं टाकलं तर चालतं ना? आमच्या बोअरचं पाणी फार खारट.

अमळनेरी सर
आरओ नको. पिण्याच्या पाण्यात थोडे क्षार राहतातच, बॅटरीत ते साठत जातात. फक्त डिस्टिल्ड. एसीतून ठिबकतं ते पाणीही नको. ते कॉइलवरची धूळ आणि तांब्याचे कण घेऊन येतं. पाणी पूर्ण चार्ज झाल्यावर टाकायचं, हिरव्या खुणेपर्यंत. चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना वर येऊन अ‍ॅसिडच बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी झाकतील एवढं टाकायचं. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी डोकावा, थंडीत महिना-दीड महिन्याने चालतं.

एक सांगायचं राहिलं. काही दुकानांत डिस्टिल्ड पाणी आणि बॅटरीचं अ‍ॅसिड सारख्याच पांढऱ्या कॅनमध्ये असतं. कॅनवरचं लेबल वाचून घ्या. घरी आणून पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत काहीही ओतून ठेवू नका. ट्रॅक्टरची बॅटरी कोरी आली तर अ‍ॅसिड दुकानातच भरून घ्या. घरी पातळ करायची वेळ आलीच तर पाण्यात अ‍ॅसिड, हळूहळू. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, ते उसळून अंगावर येतं. पण ती वेळ येऊच नये.

निंबाचा पार
गोधडीखालची तपासून घेतली. चार सेलमध्ये पाणीच नव्हतं, म्हणे संपली. दारावर भंगारवाला आलाय, दुकानापेक्षा दोनशे जास्त देतोय. देऊन टाकू?

बॅटरीवाला जळगाव
देऊ नका. दुकानदार म्हणून माझा स्वार्थ आहे, तरी ऐका. तो दोनशे जास्त देतो कारण अ‍ॅसिड नाल्यात ओततो आणि घणाने फोडून शिसं उघड्या भट्टीत वितळवतो. अर्ध्याहून जास्त वजन शिशाचंच असतं. त्याची धूळ आणि धूर लहान पोरांच्या मेंदूला बाधतात, आणि भट्टी कुठल्या तरी वस्तीशेजारीच असते. ऑगस्ट २०२२ पासून बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम लागू आहेत. जुनी बॅटरी परत गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी त्यात बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि ग्राहकाने ती घरच्या कचऱ्यात न मिसळता योग्य ठिकाणी द्यायची आहे. नवी घेताना जुनी द्या, बिलातून वजा करतो. दोनशेचं बघू आपण समोर बसून.

निंबाचा पार
बघू म्हणजे द्यायचे हां. शनिवारी येतो. छोटा हत्तीत आडवी टाकून आणली तर चालेल ना?

बॅटरीवाला जळगाव
उभीच. टोप्या घट्ट लावा, दोरीने बांधा, टर्मिनलवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवा. आणि दुपारनंतर या, सकाळी मालाची गाडी असते.